झुरळं पाळणाऱ्या घरची खीर

लोकांना वाटतं, विहारात वाटीत उरलेली खीर कोणी मोजत नाही. मी मोजतो.

दिग्रसच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन असतं आणि रोज एका घरची खीर. कोणत्या दिवशी कोणाची पाळी, ते रजिस्टर माझ्याकडे. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. मी रिटायर झालो, पण माणसं मोजायची खोड रिटायर झाली नाही. रजिस्टरात तारीख आणि नाव एवढंच लिहितो. डोक्यात मात्र दुसरं चालू असतं. कोणाच्या खिरीत काजू वरवर तरंगतात आणि तळाशी नुसता भात. कोण आपल्या पाळीला अख्खं गणगोत घेऊन येतं आणि एरवी तीन महिने फिरकत नाही. वाचन चालू असताना कोणाचे डोळे ध्यानानं मिटतात आणि कोणाचे झोपेनं. आमचे अध्यक्ष भगवानराव, निवृत्त मुख्याध्यापक, वर्षावासात मटण सोडतात. सगळ्यांना सांगून सोडतात. पौर्णिमा सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे पहिला नंबर त्यांचा. मला कसं माहीत? दुसरा माझा असतो.

हे सगळं मी रंगवून सांगतो आणि लोक हसतात. माझं नाव उकंडा. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मी जन्मल्याबरोबर आईनं मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि तेच नाव दिलं. अशा नावाच्या माणसानं लोक हसायच्या आत त्यांना हसवलेलं बरं, हे मी शाळेतच शिकलो.

संघपाल मुनेश्वर माझा ड्रायव्हर. दिग्रस-पुसद, अकरा वर्षं एकच जोडी. साधना, म्हणजे माझी बायको, तेव्हा सकाळीच अंगणवाडीवर जायची. माझ्या डब्याचे हाल. संघपालच्या बायकोनं, सत्यशीलावहिनींनी, त्या अकरा वर्षांत डबा कधी एकट्याचा दिला नाही. वरच्या पुडात माझ्या भाकरी असायच्या आणि त्यावर ठेचा. सहा वर्षांपूर्वी संघपाल गेला. मुलगी मैत्रेयी पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला लागली आणि वहिनी घरी एकट्या राहिल्या. मागच्या खोलीला त्यांची कायम कडी. दर मंगळवारी त्या खोलीतून खोकी निघायची आणि बसस्टँडवरच्या पार्सलच्या खिडकीत जायची. कोणी विचारलं तर म्हणायच्या, रेशमाचे किडे आहेत. वस्तीनं मान डोलावली. रेशमाला सरकारी योजना असते, म्हणून त्याच्या किड्यालाही इज्जत असते.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला मी त्यांना पाळीची तारीख सांगायला गेलो. दार अर्धं उघडं होतं. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून प्लॅस्टिकचे मोठाले टब, प्रत्येकात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, वर जाळी. आतून आवाज येत होता, तुरीच्या वाळल्या पाल्यातून कोणी हळूहळू चालावं तसा.

वहिनींनी लपवालपवी केली नाही. दार लावून घेतलं आणि एक ट्रे उचलून दाखवला. झुरळं. घरातली मोरीतली नव्हेत. रुंद, चपटी, काळ्या गुळाच्या रंगाची, पाठीवर नारिंगी ठिपके. यांना डुबिया म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मैत्रेयीनं तीन वर्षांपूर्वी एका डब्यात पन्नास आणून दिली होती. पुण्या-नागपुरात लोक काचेच्या टाकीत हातभर लांबीचे मासे पाळतात, कोणी सरडे पाळतात. त्यांचं हे खाणं. ही उडत नाहीत. गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही, म्हणून टबाबाहेर येत नाहीत. अंडी टाकत नाहीत, थेट पिल्लं देतात. ऊन सोसतं, ओल सोसत नाही. खायला गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी, गाजर. पिल्लं मोठ्या भोकांच्या चाळणीनं वेगळी करायची, लहान माशाला लहान. वहिनी इतकं नेटकं सांगत होत्या की मी टबाकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिलो. संघपाल गेल्यापासून त्या सलग एवढं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

एका झुरळानं नुकतीच कात टाकली होती. पांढरंशुभ्र, सायीसारखं. त्यांनी ते बोटावर घेतलं. घंटाभरात काळं पडतं, म्हणाल्या. तोवर अंग कच्चं असतं, बाकीच्यांच्या पायाखाली आलं तर मरतं, म्हणून तेवढा वेळ वेगळ्या डबीत ठेवायचं.

एवढी सगळी पुढच्या खोलीत कशी आली, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की आषाढी पौर्णिमेपासून पार्सलं बंद आहेत. मैत्रेयी पुण्याहून ओरडते, गिऱ्हाइकं तुटतात, तरी बंद.

"पयलं शील रोज म्हनतो आपन, जीव घेनार नाही," वहिनी म्हणाल्या. "मी घेत नाही. पन धाडतो त मरायलेच ना? तीन महिने तरी धाडत नाही."

पाठवणं बंद आणि पैदास चालू, म्हणून मागची खोली भरून पुढे आली होती.

मग त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं वाचन आहे. मले सांगा, हे काम मी करू का सोडू? दुसऱ्या कोनाले इचारलं नाही. तुमाले इचारून राह्यली."

माणसाला आयुष्यात खरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मला एकीनं विचारला आणि मी म्हणालो, "वहिनी, यायले भी त्रिशरण देऊन टाका. मंग पाप नाही."

त्या हसल्या नाहीत. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटतं, खऱ्या उत्तरासाठी. मग चहा ठेवायला आत गेल्या. निघताना म्हणाल्या की ही गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या. मी म्हणालो, म्हणजे काय, सांगायची गरज आहे का.

आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी मी प्रफुल्लच्या सलूनमध्ये खुर्चीत होतो, अर्ध्या गालाला फेस, मागे बाकावर चार जणं पेपर संपवून बसलेली. गप्पा वाळल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, उकंडराव, काही सांगा राव. आता खुर्चीत बसलेल्या माणसाला एवढी इज्जत मिळाली की त्याचं तोंड बंद राहत नाही. मी सांगितलं. नाव घेतलं नाही. 'एक बाई' म्हणालो, 'रेशीम म्हणून सांगते ती.' आमच्या वस्तीत अशी बाई एकच. झुरळं कशी रांगेत त्रिशरण म्हणायला बसतात ते हात जोडून दाखवलं. आणि शेवटाला काहीतरी खमंग हवं, म्हणून म्हणालो, पिल्लं ज्या चाळणीनं चाळते त्याच चाळणीनं खिरीचे तांदूळ चाळते.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पाहिलंही नव्हतं. तिथल्या तिथे सुचलं. सलून एवढं हसलं की प्रफुल्लला वस्तरा माझ्या गालावरून उचलून धरावा लागला.

एकवीस ऑगस्टला वहिनींची पाळी होती. त्या दिवशी विहारात त्रेचाळीस माणसं आली. एरवी पंचवीस आली तरी आम्ही सतरंजी दुहेरी घडीची ठेवतो. वहिनींनी दूध गुलाबी होईस्तोवर आटवलं होतं. झाकण काढलं तर वेलदोड्याचा वास दारापर्यंत आला. वाट्या वाटल्या गेल्या. आणि मग एकेक सुरू झालं. एकीला आठवलं, आज गुरुवार, उपास आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गुरुवारचा उपास कुठून शिरला, हे मी विचारलं नाही. एकाला शुगर आठवली. दोघींनी घरी नेतो म्हणून वाट्यांवर ताटल्या झाकल्या आणि ताटल्या-वाट्या तिथेच ठेवून गेल्या. भगवानरावांनी वाटी कपाळाला लावली आणि मोठ्या आदरानं बाजूला सारली.

त्रेचाळीस वाट्यांपैकी एकोणचाळीस भरलेल्या. रिकाम्या चार: दोन पोरांच्या, एक महागावहून लेकीकडे आलेल्या बहिऱ्या म्हातारीची, एक वहिनींची स्वतःची.

माझी? माझी एकोणचाळीसमध्ये. आम्लपित्त वाढलंय, म्हणालो. त्या हॉलमध्ये वहिनी सोडल्या तर चाळणीची गोष्ट खोटी आहे हे छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यानंही खाल्ली नाही. खाल्ली असती तर सलूनमधल्या चौघांनी विचारलं असतं, काहून हो, तुमीच त सांगतलं.

माझ्या बापाची कपबशी आमच्या गावच्या हॉटेलात मागच्या कोनाड्यात पालथी असायची. वरून ओतलेला चहा प्यायचा आणि आपली कपबशी आपण धुऊन पुन्हा पालथी घालायची. ही गोष्ट मी दर चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरांना सांगतो. सांगताना आवाज कुठे जड करायचा हेही आता ठरलेलं आहे. त्या संध्याकाळी ती मला आठवली नाही. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना आठवली.

वहिनींनी भरलेल्या वाट्या एकेक करून गंजात परत ओतल्या. गंज दोन्ही हातांनी उचलून घरी नेला. जड होता.

रविवारी कमिटी बसली. भगवानरावांचं म्हणणं असं की व्यक्तीविषयी कोणाच्या मनात काही नाही. पण एक तर स्वच्छतेचा प्रश्न आहे, दुसरं म्हणजे जीव पोसून मरायला पाठवायचे हे शिलात बसत नाही. तेव्हा पुढल्या वर्षीपासून मुनेश्वरबाईंकडे फुलं आणि मेणबत्त्या द्याव्यात, खिरीची तसदी नको. आश्विन पौर्णिमेची खीर घरोघरच्या दुधाची होते. त्यातही त्यांचं दूध तेवढं घेऊ नये. मी हात वर केला आणि सांगितलं की बाईंनी तीन महिने पार्सलं बंद ठेवली आहेत, आणि चाळणीची गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली आहे. कमिटी हसली. एक जण म्हणाला, उकंडराव, हा किस्सा पयल्याहून भारी आहे. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. जन्मभर लोकांना हसवलं की खरं बोलायला वेगळा आवाज उरत नाही. ठराव रजिस्टरात मीच लिहिला.

माझी पाळी दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. रजिस्टर हातात असल्याचा तेवढा फायदा मी घेतो. यंदा माझ्या डोक्यात एक युक्ती आली, आणि आली तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली. खीर वहिनींनी करायची, मी माझी म्हणून वाढायची, सगळ्यांनी बोटं चाटली की उभं राहून सांगायचं, ही कोणाच्या हातची आहे ते. साधनाला सांगितलं तर ती म्हणाली, सरळ जाऊन त्या बाईचे पाय धरा नं विहारात खरं काय ते सांगा, हे नाटक कायले? पण पाय धरण्यात माझी हुशारी कुठे दिसणार होती?

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माही खीर, तुमच्या नावानं?"

"अर्ध्या घंट्यापुरती. मंग मी उठून सांगतो."

"सांगसान?"

"सांगतो."

"मांगच्या वक्ती कोनाले सांगत नाही म्हनलं होतं तुमी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून. मी टबांकडे पाहत राहिलो. शेवटी वहिनीच म्हणाल्या की लोकांनी एकदा खाल्ली पाहिजे, बस. आणि दूध किती लिटर लागेल ते विचारलं.

त्या रविवारी एकावन्न माणसं होती आणि एकावन्न वाट्या रिकाम्या झाल्या. भगवानरावांनी तिसऱ्यांदा घेतली. साधनाच्या हाताला चव आहे, असं त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा साधना उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. वहिनी बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. लोक खात होते आणि त्या एकेकाचं खाणं पाहत होत्या. गेल्या महिन्याभरात त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

मी उभा राहिलो. म्हणालो, "एक सांगायचं आहे."

सगळे वळले. सगळ्यांचे चेहरे हसायच्या तयारीत होते. वहिनींचा नव्हता. भगवानराव वाटीच्या कडेवरून बोट फिरवत होते. आणि माझ्या डोक्यातलं ते दुसरं रजिस्टर भराभर चालू लागलं: आता सांगितलं तर एकावन्न माणसं उल्लू ठरतात, उल्लू ठरलेला माणूस खीर करणाऱ्याला एक वेळ विसरेल, उल्लू करणाऱ्याला विसरणार नाही, सलून, पानटपरी, मटणाच्या दुकानाची रांग, सगळीकडे मला बघून लोक गप्प होतील.

मी म्हणालो, "उद्यापासून वाचन साडेसहाला. दिवस लहान झाले."

आणि बसलो.

वहिनींनी थोडी वाट पाहिली. मला पुन्हा उठायला जेवढा वेळ लागला असता, तेवढी. मग त्या उठल्या, मधून चालत गंजापाशी गेल्या, तो उचलला आणि म्हणाल्या, "भांडं माह्यं आहे, घेऊन जातो. खीर भी माहीच होती."

कोणी हसलं नाही. एक बाई तोंडाला पदर लावून नळाकडे गेली. वहिनी तिला वाट द्यायला थांबल्या, मग निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वस्तीत काय बोललं जावं, याचा अंदाज मला होता; तो चुकला. मला वाटलं होतं, मला शिव्या बसतील. बोललं असं गेलं की झुरळवाल्या बाईनं साध्याभोळ्या उकंडरावांनाही फसवलं. साधनाला बरं नसेल, त्यांनी विश्वासानं काम सोपवलं आणि बाईनं विहार बाटवला. लोक माझी कीव करत होते. याआधी ती बाई फक्त घाणेरडी होती. माझ्या हुशारीनं ती लबाडही झाली. 'बाटवला' हा शब्द आमच्या वस्तीत, आमच्या तोंडून, मी पहिल्यांदा ऐकला.

मी भगवानरावांच्या घरी गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, सलूनपासून. या वेळी त्यांना खरं वाटलं असावं, कारण ते हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले की झालं ते झालं, तुम्ही कशाला अंगावर घेता. वस्तीत तुमचं नाव आहे. मी घरी येऊन हे साधनाला सांगितलं. ती सोयाबीन काढायला जायच्या घाईत होती. डोक्याला फडकं बांधता बांधता म्हणाली, "नाव त तुमचं तुमच्या मायनं बराबरच ठेवलं."

वहिनी विहारात यायच्या बंद झाल्या. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा आतून त्या वावराच्या दुसऱ्या टोकाशी बोलावं तसं कोणाशी तरी मोठ्यानं फोनवर बोलत होत्या, मैत्रेयीशी असावं. तेवढं निमित्त मला परत फिरायला पुरलं. दुसऱ्यांदा तेवढंही निमित्त नव्हतं.

आश्विन पौर्णिमेला सकाळपासून घरोघरचं दूध आलं. ओट्यावर मोठं पातेलं चढलं. एका घराकडे आमचा कोणी गेला नाही, आणि त्या घरून कोणी आलं नाही. वंदना झाली, समारोपाची भाषणं झाली, पंगती बसल्या. वाढायला मी होतो. पहिली पंगत अर्धी वाढून झाली असेल, तेव्हा दारात पांढरं लुगडं दिसलं. वहिनी आल्या, चपला काढल्या, बुद्धमूर्तीपुढे तीनदा वाकल्या आणि पंगतीत सरळ मधोमध बसल्या. दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या वाट्या जराशा जवळ ओढल्या.

मी वाढत वाढत त्यांच्यापर्यंत पोहोचलो. त्यांनी वाटी धरली. मी एक डाव घातला. वाटी तशीच धरलेली. मी दुसरा घातला. काठोकाठ भरली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली आणि खायला लागल्या. घाई नाही, संकोच नाही. त्यांना वाढून मी पुढे सरकायला हवं होतं, पण पाय हलले नाहीत. पंगतभर सगळे आपली खीर विसरून त्यांच्याकडे पाहत होते. भगवानरावांच्या घरचं दूध, प्रफुल्लच्या घरचं, गुरुवारच्या उपासवालीच्या घरचं, माझ्या घरचं. ती बाई सगळ्यांच्या घरचं खात होती. शेवटी तिनं बोटानं वाटी पुसली, बोट चाटलं आणि वर पाहिलं.

"भाऊजी, खीर पातळ आहे. दूध कमी पडलं काय?"

आवाज नेहमीचाच होता, मोठा नाही. पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. मी सवयीनं काहीतरी गमतीचं शोधलं. सापडलंही होतं, जिभेवर होतं.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "एका घरचं दूध आम्ही घेतलं नाही. त्यांच्या चाळणीची गोष्ट मी बनवून सांगितली होती. त्या घरची जी खीर या सगळ्यांनी खाल्ली ती मीच करून घेतली होती, आणि सांगतो म्हणालो तरी सांगितलं नाही."

पंगतीत कोणी हसलं नाही. भगवानराव आपल्या वाटीत पाहत होते. वहिनींनीही मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना बरं म्हणून. त्यांनी रिकामी वाटी पुन्हा पुढे केली, आणि मी वाढली.